खिडकीतला समुद्र

वादळात मोडलेलं किनाऱ्यावरचं हॉटेल नुकतंच पुन्हा उघडलं होतं. खिडकीशी बसलेल्या पाहुण्या बाईंनी वेटरला विचारलं, "ते निळं प्लास्टिक कसलं हो?"

"घरं वाहून गेली ना, ती माणसं राहतात तिथे."

"अरेरे, अजूनही? पण समुद्र पार झाकून टाकलाय त्यांनी."

मॅनेजरने ते ऐकलं आणि वेटरला बाजूला घेतलं. "आजच्या आज सगळ्यांना टेकडीमागे हलव. तुझीच माणसं आहेत, तुझं ऐकतील. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

वेटरने सुरुवात स्वतःच्याच ताडपत्रीपासून केली. तो दोरी सोडू लागला तशी आई लगबगीने बाहेर आली.

"घर मिळालं का रे आपल्याला?"

त्याला 'नाही' म्हणवेना.

दुसऱ्या टोकाची गाठ आईनेच हसत हसत सोडली.