डब्यातला चतुर

खोत सरांनी बर्फाच्या डब्यातून लाल चतुर किडा काढला आणि तळ्याकाठच्या गवतावर अलगद ठेवला. गारठलेला तो जीव पात्याला तसाच चिकटून राहिला. "आता हा हलायचा नाही. एकेकाने या आणि फोटो काढा." फोटोग्राफीच्या कार्यशाळेतले सगळे रांगेत उभे राहिले.

माझी पाळी आली तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला. चतुर तळहातावर घेतला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तसा गरम श्वास त्याच्यावर सोडत राहिले.

"अहो बाई, काय चाललंय?"

"जागं करतेय त्याला."

पंख थरथरले, बोटांना गुदगुल्या झाल्या आणि तो उडाला.

सर भडकले. "सकाळपासूनची मेहनत घालवलीत! आता तुमचा तुम्ही काढा फोटो. बघू कसा मिळतो ते."

"काढते की!"

मी कॅमेरा उचलला आणि काठावरच्या चिखलात सरळ पालथी पडले. ऊन चढलं, कोपरं सोलवटली, बाहीत मुंग्या शिरल्या. चतुर यायचे आणि लांबूनच वळायचे. पलीकडे सरांचा डबा पुन्हा उघडला होता. मी जागची हलले नाही.

शेवटी एक आला, तो थेट माझ्या लेन्सच्या कडेवरच बसला. इतका जवळ, की फोटो निघणं शक्यच नव्हतं.

"काय, मिळाला का फोटो?" सरांनी हसत लांबूनच हाक मारली.

"हळू बोला, सर," मी म्हणाले. "हा आपणहून आलाय."