तिसाच्या खाली

मंगळवारी सकाळी अकरा वाजता श्यामकांत गोगटे यांचा आकडा सव्वीस आला. स्वरूपाने बेरीज पुन्हा केली. सव्वीसच. डिसेंबरात तो बहात्तर होता.

कानात वाजणारा आवाज किती मोठा आहे, हे हा आकडा सांगत नाही. तो आवाज माणसाला किती छळतो, तेवढंच सांगतो. पंचवीस प्रश्न. ‘हो’ला चार गुण, ‘कधीकधी’ला दोन, ‘नाही’ला शून्य. पूर्व दिल्लीतल्या या रुग्णालयाच्या कान-विभागात स्वरूपा ते प्रश्न दिवसभर हिंदीतून विचारी. श्यामकांतकाकांना मात्र मराठीतून. आकडा तिसाच्या खाली आला की उपचार संपले, फाइल बंद, असा तिच्या विभागाचा नियम होता.

डिसेंबरात काका एकटे नव्हते. शेजारच्या खुर्चीत कल्पनाकाकू होत्या, आणि अर्धी उत्तरं त्यांचीच होती. मंत्रालयातून निवृत्त झालेले काका फाइलवर शेरा मारावा तसे प्रत्येक प्रश्नाला ‘कधीकधी’ म्हणत, आणि काकू तो शेरा खोडत. आवाजामुळे चिडचिड होते का, या प्रश्नाला तर त्यांनी काकांना तोंडच उघडू दिलं नाही.

“‘हो’ लिही गं. हळू बोललं तर यांना ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं तर म्हणतात, ओरडू नकोस. आता मी काय, खुणा करू?”

स्वरूपा हसली होती. काकाही हसले होते, जरा उशिराने.

आज शेजारची खुर्ची रिकामी होती आणि उत्तरं भराभर आली. एकट्याने मेट्रोने आलो, गर्दी नव्हती, असं काकांनी आपणहून सांगितलं. मग कागदावर शिक्का मिळेल ना, एवढंच विचारलं. स्वरूपाला बरं वाटत होतं. बहात्तरावरून सव्वीस, असा उतार तिने क्वचितच पाहिला होता. कानातला आवाज झाकायला कानामागे लावायचं, मंद सरसर ऐकवणारं यंत्र दिवसातून किती वेळ वापरता, हे तिने केवळ नोंदीसाठी विचारलं.

“ते कपाटात आहे. फेब्रुवारीपासून लावलेलं नाही.”

तिचं पेन थांबलं. झोप कशी आहे? होती तशीच. आणि आवाज? तोही तोच, जुन्या ट्यूबलाइटच्या चोकसारखा. उलट घर शांत असलं की जास्तच.

मग कमी काय झालं? तिने कागद उलटा फिरवून उत्तरं वरून खाली वाचली. आवाजामुळे माणसांचं बोलणं समजायला त्रास होतो? नाही. चिडचिड होते? नाही. घरच्या माणसांशी संबंध ताणले जातात? नाही. तिने पहिल्या उत्तरावर बोट ठेवलं आणि घरी तुमच्याशी कोण बोलतं, असं विचारलं.

“सध्या कोणी नाही. टीव्ही आहे. त्याचा आवाज वाढवता येतो.”

काकू संक्रांतीनंतर पुण्याला गेल्या होत्या, लेकीकडे, तनयाकडे. भांडण म्हणावं तर तेवढं मोठंही नव्हतं. मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये काकू मिक्सरवर चटणी वाटत होत्या. काकांनी येऊन प्लग उपटला. काकूंनी अर्धवट वाटलेली चटणी डब्यात भरली, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि मग बॅग भरायला घेतली. दारात त्या एवढंच म्हणाल्या, आकडा तिसाच्या खाली आला की कळवा, मी येते. तिसाचा नियम त्यांना स्वरूपानेच सांगितला होता.

हे सांगताना काकांची नजर शिक्क्यावर होती.

“काका, काकू परत आल्या आणि मी हेच प्रश्न पुन्हा विचारले, तर?”

“तर वाढेल.” त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “पण तोवर ती आलेली असेल ना.”

स्वरूपाने उत्तरं पुन्हा पाहिली. त्यांत एकही खोटं नव्हतं. ज्याच्याशी बोलायला घरात माणूस नाही, त्याला बोलणं समजायचा त्रास होत नाही. ज्याच्यावर चिडायचं ते माणूस नाही, तर चिडचिड कसली? बेरीज बरोबर होती आणि नियमही स्पष्ट होता. तिने ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलं, पुढच्या तारखेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शिक्का उठवला.

काकांनी कागदाचा फोटो काढला, हलला म्हणून दुसरा काढला आणि पुण्याला पाठवला. मग ते उठलेच नाहीत. फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. दारातून नर्सने डोकावून विचारलं, “मॅडम, अगला भेजूं?” स्वरूपाने हातानेच थांबायला सांगितलं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. काकांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन स्वरूपासमोर धरला.

“मी नसताना काढलेला आकडा मी धरत नाही,” असं काकूंनी लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. “पुढची तारीख काय दिलीय?”

काकांनी शिक्क्याचा कागद टेबलावरून हळूच तिच्याकडे सरकवला. तारखेच्या रकान्यात अजून आडवी रेघच होती.