ड्रॉइंगवरची सही

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात गिरणाकाठच्या नव्या पंपहाऊसमधला पंप तिसऱ्या दिवशीही सुरू होताच बंद पडला. प्रकल्पप्रमुख बऱ्हाटेसाहेबांनी तिन्ही इंजिनिअरांना पुन्हा विचारलं. मोटार ओके, पॅनल ओके, वायरिंग ड्रॉइंगप्रमाणे ओके. थकलेल्या साहेबांनी स्वतःच ड्रॉइंग टेबलावर पसरलं. त्यांचं बोट टाकीपाशी थांबलं. रिकामी टाकी भरलेली दाखवून पंप बंद पाडणारी उलटी जोडणी त्यांनीच काढली होती. “हे कुणालाच दिसलं नाही?” त्यांनी तिघांना विचारलं. उत्तर म्हाताऱ्या फिटर सुपडूने दिलं, “बठ्ठासले माहीत शे, साहेब. पन कागदवर तुमनी सही शे ना.” म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! गेल्या महिन्यात तिघांतल्या लताने ड्रॉइंगवर शंका काढली तेव्हा आपण तिला चारचौघांत कसं झापलं, ते साहेबांना आठवलं. त्यांनी खिशातलं पेन तिच्या हाती दिलं. तिने जोडणी सुधारली आणि पेन परत देत हळूच विचारलं, “साहेब, सही?”