नमुन्यातलं नाव

पुस्तकांची पानं लावण्यात हयात घालवलेल्या काकांनी टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरसाठी एक थीम, म्हणजे भाषणाच्या स्लाइडचा तयार साचा, बनवली. चौकट नाही, रंगीत पट्टी नाही, पानाचा आकडासुद्धा नाही. पांढरी स्लाइड आणि काळं अक्षर, बस्स.

"काका, निदान कोपऱ्यात स्वतःचं नाव तरी राहू द्या," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

"ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, ते काढून टाकायचं," म्हणत त्यांनी तेही पुसलं आणि थीम नेटवर फुकट ठेवली. वक्त्याच्या नावाची जागा दाखवायला मात्र नमुन्यात काहीतरी नाव हवं होतं. तिथे त्यांनी सहा वर्षं अबोला धरलेल्या लेकीचं नाव टाकलं, आडनाव न लावता.

थीम घेणारे कितीतरी जण ते नाव बदलायलाच विसरायचे. नेटवर अशी परक्यांची भाषणं शोधून, पडद्यावरचं लेकीचं नाव बघत काका रोज एकटेच चहा प्यायचे.

एका सकाळी अशाच एका भाषणात त्या नावापुढे खुद्द लेकच उभी दिसली. श्रोत्यांकडे बघून ती हसत म्हणाली,

 

"ही थीम कुणी केली, कुठेच लिहिलेलं नाही. पण नमुन्यात आधीच माझं नाव होतं. म्हटलं, चला, तेवढंच एक काम वाचलं!"