तीन बाकांची वाट

वाचकहो, मत्सर हा असा पाहुणा आहे, की तो दार न वाजवता आत शिरतो आणि यजमानालाच घराबाहेर काढतो. अशाच एका मत्सराची, केवळ एका दुपारची हकिकत येथे यथामती सादर करीत आहे. ती थोडक्यात सांगण्याचा संकल्प आहे. कारण वाट सोपी असेल तर तिचे वर्णन अवघड करू नये, असे माझे नम्र मत आहे.

टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या वनकचेरीच्या खिडकीत वाटाड्या बसला होता. गुडघ्याला पट्टा आवळलेला, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याची पत्नी नव्या मोजणीदाराबरोबर जंगलातली सोपी वाट चालून परत यायची होती.

कचेरीचा नियम असा होता, की जी वाट फलकावर ‘सोपी’ म्हणून लिहायची, तिच्यावरून दरवर्षी एका सामान्य माणसाला चालवावे, आणि तो जेथे दम खायला बसेल तेथे बाक ठेवावा. गेली अकरा वर्षे हा सामान्य माणूस म्हणजे वाटाड्याची पत्नी, आणि तिला चालवणारा स्वतः वाटाड्या. ती तीन ठिकाणी बसे. एकदा ओढ्यावरच्या लाकडी पुलापलीकडे, एकदा कातळाच्या वळणावर आणि एकदा माथ्याच्या थोडे अलीकडे. ती बसली की तो शेजारच्या झाडाला हात टेकून उभा राही आणि मानेनेच खुणावी, की बस, सावकाश होऊ दे. त्या तीन बाकांकडे पाहून त्याला वाटे, की आपल्यासारखा सांभाळून घेणारा नवरा पंचक्रोशीत नसेल.

वाट अडीच तासांची. यंदा दीड तासातच बाहेर हसण्याचा आवाज आला. उशीर झाला असता तर वाटाड्याच्या मनात शंभर शंका आल्या असत्या. लवकर आल्यामुळे एकच आली, परंतु ती शंभरांना भारी होती.

“वहिनींना गाठता गाठता माझा जीव मेटाकुटीला आला,” मोजणीदार घाम पुसत म्हणाला. “पुढे त्या, मागे मी. पुलावर म्हटलं, वहिनी, बसायचं का? तर म्हणतात, कशाला, पाय काय भाड्याने आणलेत?”

पत्नी हसली. तिच्या कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता.

मोजणीदाराने भरलेला तक्ता टेबलावर ठेवला. ‘बसण्याची ठिकाणे’ या रकान्यात त्याने ‘निरंक’ असे ठळक लिहिले होते.

“तुमची सही झाली की तिन्ही बाक तळ्याच्या वाटेवर नेतो. तिकडे लोक बिचारे मातीत बसतात.”

तळ्याची वाट ही मोजणीदाराने आखलेली होती. वाटाड्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी पत्नी, मग बाक. उद्या हा गृहस्थ टेकडीही उचलून नेईल, असे त्याला वाटले.

“माझ्याबरोबर तीनदा बसायचीस,” तो पत्नीला म्हणाला. “याच्याबरोबर पंख फुटले वाटतं.”

“हवा चांगली होती.”

“मग अकरा वर्षं हवा वाईटच होती का?”

“अहो, चारचौघांत काय हे!”

“चौघं कुठे आहेत? तिघंच आहोत. आणि त्यात मीच जास्तीचा दिसतोय.”

मोजणीदाराचा चेहरा उतरला. हात धुण्याचे निमित्त करून तो बाहेर सटकला. वाटाड्याने लेखणी उचलली, तोच पत्नीने तक्ता ओढून घेतला, त्याची घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत टाकला.

“आज नको. उद्या करा सही.”

“का? एवढी हरणासारखी धावलीस, मग बाक हवेत कुणाला?”

तिने पिशवी खांद्याला अडकवली.

“घरी चला,” ती म्हणाली.

घर कचेरीच्या मागे, चढावर. जेमतेम दोनशे पावले. दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता तो रागारागाने पुढे निघाला. अर्ध्या चढावर मागून हाक आली.

“थांबा हो जरा. मला दम लागला.”

तो गर्रकन वळला. ती रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसली होती. दीड तासात टेकडी पालथी घालून आलेली बाई शंभर पावलांत दमली! तिखट उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर होते. त्याने तोंड उघडले. परंतु शब्द फुटेना. छातीचा भाता खालीवर होत होता, कानांत ठोके पडत होते, आणि त्याचा एक हात न सांगता शेजारच्या खोडावर जाऊन टेकला होता.

त्याने त्या हाताकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

ती मात्र त्याच्याकडे पाहत नव्हती. बुटाची नाडी सोडून ती पुन्हा बांधीत होती, अगदी निगुतीने. तिचा श्वास ऐकूसुद्धा येत नव्हता. कठडा चांगला लांब होता, आणि ती त्याच्या एका टोकाला बसली होती.

वाटाड्याने खोडावरचा हात काढला. तो आला आणि तिच्या शेजारी बसला.

बोलता येऊ लागल्यावर तो म्हणाला, “बाक हलवायचे नाहीत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

हकिकत येथे संपली. आपण वाचलीत, माझे अडखळणारे शब्द पोटात घातलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
वाटांचे फलक रंगविणारा रंगारी