झोपलेला रंग

“चार खेपा अंडी उबवून झाली, चाचा! बारा पिल्लं, बाराही करडी. पांढरं कुठाय?” दिगंबरनं फिंचच्या जोडीचा पिंजरा पाखरं विकणाऱ्या दस्तगीरचाचांच्या पुढ्यात आपटला. मिरजेच्या बाजारातली माणसं वळून बघू लागली.

“जोडी दिसायला करडी, पण दोघांच्या रक्तात पांढरा रंग झोपलाय असं विकताना म्हणालात. झोपलाय की मेलाय?” लोक हसले. एका बाईनं घ्यायला उचललेला पिंजरा हळूच परत फळीवर ठेवला.

चाचांनी चिमूटभर राळे पुढं केले, तशी मादी ओळखीनं त्यांच्या बोटाशी आली. नर कोपऱ्यातून हलला नाही. त्याच्याकडं बघत चाचा मोठ्यानं म्हणाले, “चुकलं असंल माझं, बाबा.” मग दिगंबरच्या कानाशी वाकले. “ह्यो नर माझा न्हाई. माझ्या नराचं एक नख तुटकं हाय. दोघांच्याबी रक्तात असंल तरच रंग जागा हुतो, लेका. पिंजरे धुताना नर बदलला काय?”

दिगंबरला दिवाळीची झाडलोट आठवली. घरातल्या सगळ्या पिंजऱ्यांतले नर त्यानंच एका डालग्याखाली कोंडले होते. त्याचे कान तापले. “मग चाचा, चारचौघांत का नाही बोललात?”

“तुझी लेक हाय न्हवं मागं उभी.”

दिगंबर वळला. “बाबा, कसलं झापलंत त्यांना!” म्हणत लेकीनं कौतुकानं हात पुढं केला. तो इवलासा हात धरायची दिगंबरला लाज वाटली.