पातळ दूध

“दे इकडं त्याला,” सुचिता म्हणाली आणि हो-नाही ऐकायच्या आत तिनं धाकट्या जावेच्या, स्नेहलच्या, मांडीवरून पोर उचललंसुद्धा.

नणंदेची हळद होती. शिरवण्यातल्या त्या चार मजली घरात वरच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. खाली मांडवात डीजेवाला बॉक्स तपासत होता. स्नेहल भिंतीला टेकून बसली होती. खांद्यावर ओला फडका, अंगाला आंबूस वास. शौर्य नुकताच पिऊन झाला होता आणि नेहमीसारखा अर्ध्याहून जास्त दूध ओकून रिकामा झाला होता.

बायकांना तेवढं निमित्त पुरलं.

“नाव शौर्य, आनि मांड्या बघा, बेडकाच्या,” एक चुलत सासू म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

“पोर काय करेल? हिचं दूधच पातळ,” सासूबाई म्हणाल्या. सगुणाबाईंनी हे शेजारणीला सांगून झालं होतं, भाजीवाल्याला सांगून झालं होतं, शेअर रिक्षात बाजूला बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगून झालं होतं.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. बाळाच्या पोटाचं तोंड अजून नीट मिटत नाही, म्हणून प्यायलेलं वर येतं. थोडं थोडं पाजा, पाजल्यावर उभं धरा, औषध चुकवू नका. वजन सावकाश वाढेल. सगुणाबाईंनी नाक मुरडलं. “आमी पाच पोरं वाढवली. एकाला उभं धरलं नाय.”

मग घरात जेवणाऐवजी सल्लेच रांधले जाऊ लागले. अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, मिरच्या ओवाळून दृष्ट काढून झाली. लाडवांनी स्नेहल सुटली, पोर होतं तसंच राहिलं. नवरा मिथुन तळोज्याच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि “आई बोलते तर ऐक ना, कशाला टेन्शन घेते,” एवढं बोलून मोबाइल उघडायचा. सगळ्यात वाईट म्हणजे, ऐकून ऐकून स्नेहललाही ते खरं वाटू लागलं होतं. पाजायला घेतलं की तिला स्वतःच्याच अंगाची लाज वाटायची.

आज तर सासूबाईंनी निकालच लावला होता. “लगीन उरकलं का हिचं पाजनं बंद. म्हशीचं दूध सांगून ठेवलंय मी.” स्नेहलला कोणी विचारलं नव्हतं.

आणि त्यात ही सुचिता. तिची राजनंदिनी शौर्यच्याच वयाची, पण लोण्याचा गोळा. दंडाला वळ्या, गालाला खळ्या. नवा दागिना मिरवावा तशी सुचिता तिला घरभर मिरवायची.

“खरं दूध काय असतं ते कळू दे एकदा बिचाऱ्याला,” सुचिता म्हणाली. तिनं पदर ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत शौर्यला छातीशी लावलं.

पोर भुकेलं होतं. ते गटागटा प्यायला लागलं. खोलीत त्याच्या गिळण्याचा आवाज तेवढा येत होता.

“बघा, बघा कसा पितोय!” सगुणाबाईंनी हात जोडले. “उपाशी मारला गो माझ्या नातवाला!”

सगळ्यांच्या नजरा स्नेहलकडे वळल्या. ती मान खाली घालून चटईच्या काड्या उपसत बसली.

सुचितानं त्याला पोटभर पाजलं, तोंड पुसलं आणि ऐटीत मांडीवर आडवं केलं.

“ताई, उभं धरा त्याला,” स्नेहल पुटपुटली.

“गप बस गं. मला शिकवते.”

शौर्यनं पाठ ताणली. चेहरा लालभडक झाला. आणि मग तोंडातून, नाकातून सगळं भसकन बाहेर आलं, सुचिताच्या कोऱ्या पिवळ्या साडीवर. पोर ठसकलं, त्याचा श्वास कोंडला. सुचिता नुसती किंचाळली. स्नेहलनं झेप घेतली, त्याला कुशीवर वळवलं, नाक पुसलं, खांद्याशी उभं धरलं. क्षणभरानं तो रडला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

स्नेहलनं साडीकडे पाहिलं. त्याच दह्यासारख्या गाठी, तोच आंबूस वास. दूध मात्र सुचिताचं होतं.

तिला रडू आलं. इतकं हलकं रडू तिला कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

“आई,” डोळे न पुसताच ती म्हणाली, “आता ताईंचं दूधपन पातळ का? म्हशीवाल्याला नको म्हनून सांगा.”

चुलत सासूला अचानक खालची कामं आठवली. सगुणाबाईंनी फडका ओढला आणि चटई पुसायला घेतली.

थोड्या वेळानं शौर्य शांत झाला आणि मूठ चोखू लागला. स्नेहल बसली आणि त्याला पुन्हा पाजायला घेतलं. थोडंसंच.

सुचिता साडी बदलायला उठली नव्हती. ती बघत होती.

“असं दर वेळी करतो?” तिनं हळूच विचारलं.

“दर वेळी.”

“आनि तू?”

“परत पाजते.”

सुचिता सासूकडे वळली.

“आई, हे पोर माझ्या पोटी आलं असतं तर आजपर्यंत जगलं नसतं.”